टीबीची टेस्ट: खंगलेल्या गाईला काहीच नाही, चांगल्या दुभत्या गाईची मान सुजली, नक्की समजायचं काय?

शिळफाटेकर
नमस्कार मंडळी. आमचा छोटा गोठा आहे दहिसर मोरीच्या आतल्या बाजूला, 11 गायी आणि 5 म्हशी, गायींत बहुतेक एचएफ क्रॉस (विदेशी होल्स्टीन जातीच्या संकरित) आणि 3 गीर. रतीब पलावा, घणसोली आणि ऐरोलीला जातो. तर झालं असं की चांदी म्हणून एक गाय आहे, पावसाळ्यापासून खंगत चाललीय, खाते पण अंगाला लागत नाही, बरगड्या मोजून घ्या, आणि पहाटे उठवली की खोकते, कोरडा खोकला, दोनचार वेळा आणि मग शांत. जंताचं औषध झालं, अँटिबायोटिकचे कोर्स झाले, गोचीड तापाची तपासणी झाली, कशानेच फरक नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले टीबीची टेस्ट करून घेऊ, एकटीची नको सगळ्यांची करू. शुक्रवारी सकाळी मानेवर केस काढून कातडीत इंजेक्शन दिलं, आधी कॅलिपरने मोजलं, सोमवारी सकाळी येऊन परत मोजलं.

आता रिझल्ट बघा. चांदीला शून्य. काही म्हणजे काही नाही, टोचलेली जागा पण सापडेना. आणि कपिला, जी गोठ्यातली सगळ्यात भारी गाय, दोन्ही वेळचं मिळून 16 लिटर देते, अंगाने भरलेली, तिची कातडी 8 ची 13 मिलिमीटर झाली, गरम लागते आणि हात लावला की मान झटकते. आणखी दोघींना 3-3 मिमी वाढ. गौरी 3 आठवड्यांपूर्वी व्यायलीय, तिला काही नाही. म्हशींना काही नाही.

डॉक्टर म्हणतात कपिला पॉझिटिव्ह, त्या दोघी संशयित, परत बघू. मी म्हटलं अहो खोकणारी निगेटिव्ह आणि धडधाकट पॉझिटिव्ह असं कसं, तर ते घाईत होते, फोनवर बोलू म्हणाले. घरात दोन लहान मुलं आहेत, वडील तर आयुष्यभर धारोष्ण दूध पीत आलेत. कोणाला अनुभव असेल तर सांगा, टेस्ट चुकली का? आणि कपिलाचं काय करू?

रतीबवाला_भिवंडी
दादा ही टेस्ट म्हणजे नुसता डोक्याला ताप. आमच्या इकडे पण एकाने केली, मान सुजली, आठवड्यात उतरली, गाय मस्त दूध देतेय. इंजेक्शन दिलं की सूज येणारच ना. जी खंगलीय ती विकून मोकळा हो, बाकीच्यांना गूळ हळद चालू ठेव. जास्त बोभाटा केलास तर रतीब तुटेल, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा टीबी शब्द गेला की संपलं.

गुरांचा_डॉक्टर
मी पशुवैद्य आहे, बरीच वर्षं ठाणे जिल्ह्यातच काम केलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. शिळफाटेकर, तुमची टेस्ट चुकली नाही, उलट पुस्तकात लिहावं असा रिझल्ट आलाय तुमच्या गोठ्यात.

आधी हे समजून घ्या की ही टेस्ट जंतू शोधत नाही. ट्युबरक्युलिन म्हणजे जंतूंच्या वाढीतून काढलेलं शुद्ध प्रथिन, मूळ ट्युबरक्युलिन 1890 मध्ये रॉबर्ट कॉखने माणसाचा टीबी बरा करायला म्हणून आणलं होतं, औषध म्हणून फसलं आणि तपासणीसाठी मात्र आजतागायत चालू आहे. त्याचे 0.1 मिली कातडीच्या जाडीत देतात, खाली नाही. नीट दिलं तर बोटाला मुगाएवढी गाठ लागते, ती लागली नाही तर समजायचं इंजेक्शन खाली उतरलं. ज्या जनावराच्या शरीराने हा जंतू आधी पाहिलाय त्याच्या पेशी तिकडे धावून येतात आणि 72 तासांत कातडी जाड होते. म्हणजे आपण मोजतो ती शरीराची प्रतिक्रिया. रतीबवाला, इंजेक्शनने सूज येणारच असती तर बाकीच्या गायींना आणि म्हशींना का नाही आली?

आता चांदी. आजार फार पुढे गेला की शरीर प्रतिक्रिया द्यायचंच थांबतं. फुफ्फुसं भरलेली, गाय हाडांवर आलेली आणि मानेवर काही नाही, हे आम्ही बघितलेलं आहे. त्यामुळे तुमच्या चांदीचा शून्य आणि एखाद्या ठणठणीत कालवडीचा शून्य हे सारखे धरायचे नाहीत. माझा अंदाज विचाराल तर गोठ्यात आजार पसरवणारी तीच असावी, कपिलाला तिच्याकडूनच लागला असेल. दावणीला दोघी शेजारी बांधता का? टीबी श्वासातून जातो आणि एकाच गव्हाणीत तोंड घालणाऱ्यांत सगळ्यात आधी जातो.

गौरीचाही शून्य धरू नका. व्यायच्या सुमारास आणि नंतर चारसहा आठवडे प्रतिक्रिया दबलेली असते. कोणाला नुकतंच स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं असेल तर तेच. आणि अगदी ताजी लागण असेल, म्हणजे तीनसहा आठवड्यांच्या आतली, तरी टेस्ट कोरीच येते. म्हणून ही टेस्ट एका गाईची म्हणून वाचायची नसते, सगळ्या गोठ्याची म्हणून वाचायची. एक पक्की पॉझिटिव्ह निघाली की प्रश्न "कुठली गाय" हा राहत नाही, "गोठ्यात आहे का नाही" हा होतो.

कपिलाची वाढ 5 मिमी. तुमच्याकडे झाली तशा एकेरी टेस्टमध्ये, म्हणजे एकाच ट्युबरक्युलिनच्या, 4 किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह, 2 ते 4 च्या मधलं संशयित, त्याच्या खाली निगेटिव्ह, आणि जागेवर पाणी सुटलं, कातडी काळी पडली किंवा बाजूची गाठ सुजली तर आकडा काहीही असो पॉझिटिव्ह. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. पण इथे एक मेख आहे. तुमच्या गोठ्यात कोंबड्या फिरतात का? आणि कुणाला जुनाट, औषधाला दाद न देणारी पातळ हगवण आहे का?

शिळफाटेकर
डॉक्टर साहेब खूप आभार. हो, चांदी आणि कपिला शेजारीच असतात, पहिल्यापासून. कोंबड्या आहेत आईच्या, दिवसभर गव्हाणीत पेंड टिपत असतात, रात्री गायींच्या वरच्या वाशावर बसतात. हगवण कोणाला नाही. कोंबड्यांचा काय संबंध?

गुरांचा_डॉक्टर
संबंध असा की पक्ष्यांच्या टीबीचा जंतू गायींच्या जंतूचा चुलत भाऊ आहे. कोंबड्यांची विष्ठा गव्हाणीत पडते, गाय ती खाते, तिला आजार होत नाही पण शरीर त्या जंतूला ओळखायला लागतं आणि मग गायींच्या ट्युबरक्युलिनलाही थोडी सूज देतं. जोन्स रोग म्हणजे आतड्याचा जुनाट हगवणीचा आजार, त्याचा जंतूही त्याच कुळातला, म्हणून हगवणीचं विचारलं. मातीतले, डबक्यातले निरुपद्रवी भाऊबंदही असतात, आणि आपल्याकडे चार महिने चिखलच असतो.

यावर उपाय म्हणजे दुहेरी टेस्ट. मानेवर दोन जागा, वर पक्ष्यांचं ट्युबरक्युलिन, खाली गायींचं, मध्ये साधारण 12 सेंटिमीटर अंतर. दोन्हीची वाढ मोजायची आणि खालच्यातून वरची वजा करायची. समजा खाली 6 वाढलं आणि वर 1 तर फरक 5, पॉझिटिव्ह. खाली 6 आणि वरही 6 तर ती कोंबड्यांची किंवा मातीची करामत, निगेटिव्ह. फरक 1 ते 4 आला तर परत संशयित. तुमच्या त्या 3-3 मिमीवाल्या दोघींचा निकाल यातच लागेल.

पण उद्या करायची नाही! एकदा टोचलं की शरीर काही काळ सुस्त होतं, लगेच परत टोचलं तर खोटी निगेटिव्ह येते. किमान 42 दिवस थांबायचं, मी स्वतः 60 धरतो. तोपर्यंत नवीन जनावर आत नाही आणि आतलं बाहेर नाही.

मुरबाडकर_काका
डॉक्टर जे म्हणाले ना, परत टोचलं तर निगेटिव्ह येते, ते आमच्या धंद्यातल्या काही लोकांना डॉक्टरांच्या आधीपासून माहितीय. गाय विकायची, घेणारा टेस्ट करणार म्हणाला, की आधीच चारआठ दिवस गुपचूप ट्युबरक्युलिन टोचून ठेवायचं. मग घेणाऱ्यासमोर टेस्ट केली की कातडी जैसे थे. म्हसाच्या यात्रेत मी लहानपणापासून जातोय, बैल बघायला दात बघतात, खूर बघतात, चाल बघतात, मानेवरचे केस कोणी बघत नाही. नवीन जनावर घेताना मानेवर चौकोनी भादरलेली जागा दिसली तर विचारा बाबा हे कशाचं, आणि टेस्ट आपल्या घरी आणून, वेगळं बांधून, दोन महिन्यांनीच करा.

आणि रतीबवाला भाऊ, राग मानू नका, पण खंगलेली विकून मोकळा हो म्हणजे कोणाच्या गळ्यात बांधायची? ती कसायाकडे जाणार नाही, राज्यात गाय कापायला बंदी आधीपासूनच आहे, 2015 पासून तर सगळ्या गोवंशाची. म्हणजे ती जाणार शहापूर मुरबाडच्या कुठल्यातरी गरीब आदिवासी शेतकऱ्याच्या दारात, स्वस्त मिळाली म्हणून, आणि त्याच्या दोन गायी आणि पोरं घेऊन बसणार. हे मी होताना बघितलंय.

रतीबवाला_भिवंडी
काका बोलायला सोपं आहे. भाकड आजारी गाय दिवसाला किती खाते माहितीय ना. गोशाळेत ठेवा म्हणाल तर तिथे आधीच शंभर जनावरं, त्यांच्यात हिला सोडायची का? परदेशात पॉझिटिव्ह निघाली की सरकार मारतं आणि पैसे देतं, आपल्याकडे मारता येत नाही आणि पोसायचं मालकाने. मी चूक बोललो असेन पण ही वस्तुस्थिती आहे.

गुरांचा_डॉक्टर
रतीबवाला, तुमचा हा मुद्दा खरा आहे आणि याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. अमेरिकेने 1917 पासून, नंतर ऑस्ट्रेलियाने, टेस्ट करा आणि काढून टाका हीच पद्धत वापरली, ऑस्ट्रेलिया 1997 मध्ये मुक्त जाहीर झाला. ब्रिटनमध्ये आजही तेच चालू आहे आणि तिथे रानातल्या बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्यामुळे अजून सुटका नाही, त्यालाही हाच टीबी होतो. आपल्याकडे गाईच्या बाबतीत तो रस्ताच बंद आहे, त्यामुळे राहतं काय तर वेगळं बांधणं. वेगळं म्हणजे खरंच वेगळं हां, त्याच छपराखाली दोन खुंट्या पलीकडे नाही. वेगळी गव्हाण, वेगळी पाण्याची टाकी, धार काढायला सगळ्यात शेवटी. टीबीचा जंतू मेणचट कवचाचा असतो, साध्या वासाच्या फिनाईलला दाद देत नाही, फिनॉल असलेलं जंतुनाशक लागतं, आणि ऊन. अंधाऱ्या दमट गोठ्यात तो महिनोन्महिने तग धरतो, पत्रे काढून ऊन आत घेतलंत तर निम्मं काम फुकटात होतं.

माणसाच्या टीबीच्या गोळ्या गाईला चालू करू नका, कोणीतरी सुचवेलच. महिनोन्महिने द्याव्या लागतात, गाय वरून बरी दिसते, आतून जंतू टाकत राहते, औषध दुधात उतरतं आणि वर औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात.

खारघरची_मेघना
मी ग्राहक बाजूची. आमच्या टॉवरमध्ये एका फार्मचं निरसं दूध येतं, काचेच्या बाटलीत, आणि ते लोक सांगतात उकळू नका, उकळलं की पोषण जातं. मी उकळतेच पण सासूबाई आणि शेजारच्या काकू नातवाला तसंच देतात. हा धागा वाचून पोटात गोळा आला. गाय टीबीवाली आहे हे दुधावरून कळतं का? दही, ताक, खरवस यांचं काय?

गुरांचा_डॉक्टर
मेघनाताई, दूध बघून, चाखून, लॅक्टोमीटर लावून काही कळत नाही. कासेला टीबी झालेला असेल तर कास हळूहळू दगडासारखी कडक होते, पण कास चांगली असूनही दुधातून जंतू येऊ शकतात. दुधाची पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधायची टेस्ट, करतात, मात्र जंतू रोज येतातच असं नाही, त्यामुळे एका दिवसाचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून कोणी "सर्टिफाइड" म्हणत असेल तर हसा. विक्रेत्याला विचारायचंच असेल तर हे विचारा की गोठ्याची ट्युबरक्युलिन टेस्ट शेवटची कधी झाली आणि किती जनावरं त्यात होती.

पाश्चरायझेशनला 63 अंशाला 30 मिनिटं किंवा 72 अंशाला 15 सेकंद पुरतात, म्हणजे घरी एक उकळी आली की विषय संपला. उकळलेल्या दुधाचं दही ताक बिनधास्त खा. निरशा दुधाचं दही लावून उपयोग नाही, आंबटपणाने हा जंतू मरेलच याची खात्री नाही. खरवस वाफवलेला असतो, मधोमध नीट शिजू द्या, झालं.

क्षयरोग_विभागात_नोकरी
मी माणसांच्या टीबीच्या कामात आहे, नवी मुंबईत. शिळफाटेकर, गाईचं चालू राहील, पण आधी घरच्यांना आणि गोठ्यात काम करणाऱ्यांना तपासून घ्या. दुधातून लागलेला टीबी बऱ्याचदा फुफ्फुसात नसतोच, लहान मुलांत मानेच्या गाठी किंवा पोट, त्यामुळे खोकला नाही म्हणून गप्प बसू नका. मानेत बारीक, न दुखणारी गाठ, वजन न वाढणं, संध्याकाळचा बारीक ताप, काही असेल तर जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जा, तपासणी आणि उपचार दोन्ही मोफत आहेत.

तिथे गेलात की डॉक्टरांना तोंडाने सांगा की घरी गोठा आहे आणि गाईला टीबीचा संशय आहे. कारण टीबी तपासायच्या नेहमीच्या सीबीनॅट मशीनवर टीबी आहे एवढंच येतं, माणसाचा का गाईचा ते ती मशीन सांगत नाही. गाईच्या टीबीचा जो बोव्हिस नावाचा जंतू आहे त्याच्यावर पायराझिनामाइड हे औषध मुळातच चालत नाही, आणि ती आपल्या पहिल्या 2 महिन्यांच्या औषधांतली एक गोळी आहे. डॉक्टरांना कल्पना असेल तर ते पुढच्या टेस्ट लावतील.

अजून एक. उलटंही होतं. तुमच्याकडे धारा काढायला जो माणूस आहे तो कुठे झोपतो? बहुतेक तबेल्यांत ही मुलं गायींच्या वरच माळ्यावर झोपतात, गावाकडून येतात, खोकला असला तरी सांगत नाहीत कारण सांगितलं तर काम जाईल. माणसाचा टीबी गाईला लागल्याची उदाहरणं आहेत. त्याला ओरडू नका, पगार कापू नका, सोबत घेऊन जा.

शिळफाटेकर
ताई, नेमकं बोललात. आमच्याकडचा मुलगा माळ्यावरच झोपतो. त्याला आणि घरच्या सगळ्यांना घेऊन जातोय. वडिलांना धारोष्ण बंद म्हटल्यावर एक दिवस बोलले नाहीत माझ्याशी, आईने शेवटी दूध उकळून कोमट करून पितळी पेल्यात दिलं तेव्हा प्याले, वर म्हणाले साय चांगली आलीय.

चांदीला मागच्या पडवीत हलवलंय, कपिला दुसऱ्या टोकाला, कोंबड्यांना जाळी लावली. पुढची दुहेरी टेस्ट आमचे डॉक्टर करायला तयार आहेत पण पक्ष्यांचं ट्युबरक्युलिन त्यांच्याकडे नाही. दोन प्रश्न राहिले. एक, 60 दिवस थांबायच्या ऐवजी रक्ताने काही होतं का? दोन, चांदीची कालवड आहे 5 महिन्यांची, तिचं काय? आणि चांदी फार दिवस काढेल असं वाटत नाही.

गुरांचा_डॉक्टर
रक्ताची टेस्ट आहे, गॅमा इंटरफेरॉन म्हणतात. त्यात रक्तातल्या जिवंत पेशींना ट्युबरक्युलिन देऊन रात्रभर ठेवतात आणि त्या काय सोडतात ते मोजतात. पेशी जिवंत हव्यात, म्हणून रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनच्या नळीत घ्यायचं, बर्फात ठेवायचं नाही, सावलीत साध्या तापमानाला, आणि त्याच दिवशी लॅबला पोचवायचं. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये दुपारी नळ्या घेऊन निघालात तर तुम्हाला मी वेगळं सांगायला नको, पहाटेच्या धारेनंतर लगेच रक्त काढा. परळचं पशुवैद्यकीय कॉलेज किंवा पुण्याला औंधचा रोग अन्वेषण विभाग, दोन्हीकडे आधी फोन करून विचारा की सध्या ही टेस्ट लागतेय का आणि कुठल्या वारी नमुने घेतात, न विचारता जाऊ नका. पक्ष्यांच्या ट्युबरक्युलिनचंही तिथेच विचारा. ते बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संस्थेत तयार होतं, 2 ते 8 अंशात यावं लागतं, म्हणून तुमच्या डॉक्टरांना सांगा आत्ताच मागणी टाका, 60 दिवस असेच जातात. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांनाही लेखी कळवा, 2009 च्या जनावरांच्या साथरोग कायद्यात हा रोग आहे. ते कळत नसेल कुठे जायचं तर जनावरांच्या 1962 हेल्पलाइनला फोन लावा.

कालवड आईपासून आजच तोडा. तिला उकळून कोमट केलेलं दूध. आत्ता निगेटिव्ह आली तरी दोन महिन्यांनी आणि मग सहा महिन्यांनी परत टेस्ट, तोपर्यंत तिचा सौदा कोणाशी करू नका.

चांदी गेली तर गाडी बोलावून नुसती पुरू नका, डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या, खरी पक्की खात्री तिथेच होते. घशामागच्या गाठी, फुफ्फुसाच्या गाठी, दोन फुफ्फुसांच्या मधल्या गाठी कापून बघतात. टीबी असेल तर आत पिवळट, दाट, घट्ट दह्यासारखं भरलेलं असतं आणि जुनं असेल तर चुना धरलेला असतो, सुरी घातली की करकरते, हाताला कळतं. त्या गाठीचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि एक नुसता बर्फावर, फॉर्मॅलिनमधल्यावर कल्चर होत नाही. कल्चरला 6 ते 8 आठवडे लागतात, कधी जास्तही, हा जंतू हळू वाढतो. हातमोजे आणि मास्क घाला, मुलांना लांब ठेवा.

आणि एक विसरलो, त्या 3-3 मिमीवाल्या दोघींचं दूध आत्तापासूनच बाकीच्या दुधात न मिसळता वेगळं काढा, घरी उकळून वापरा, रतीबाला देऊ नका. कपिलाचं तर नाहीच.

शिळफाटेकर
कपिलाचे 16 लिटर रोज बंद म्हणजे घणसोलीचा अर्धा रतीब गेला समजा. करतो. तिथल्या लोकांना काय सांगू तेवढं बघतोय, खोटं सांगायचं नाहीये, पण मेसेज कसा लिहायचा ते कोणाला सुचत असेल तर सांगा.

खारघरची_मेघना
दादा, मी तुमची ग्राहक असते तर मला एवढंच पुरलं असतं: "गोठ्यातल्या काही गायींची तपासणी चालू आहे, त्यांचं दूध आम्ही विक्रीतून काढलं आहे, म्हणून 2 महिने दूध कमी येईल. दूध नेहमी उकळूनच वापरा." टीबीचं लोक विचारतीलच, विचारलं तर हो सांगा आणि डॉक्टरांचा कागद दाखवा. चार घरं तुटतील. आमच्या टॉवरमधल्या बाटलीवाल्याला मी काल हाच टेस्टचा प्रश्न विचारला, अजून ब्लू टिक येऊन पडलीय.